पंख्याशिवायचं ऊन

दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत दिवसभर बाजार ऐकू यायचा. कपडे विकणाऱ्या पोरांच्या आरोळ्या, ऑटोवाल्यांचे भोंगे, शनिवार-रविवारी तर गर्दीचा नुसता एक सलग घोष. मागच्या खोलीत मात्र वेगळंच गाव होतं. तिथून दार उघडलं की आईची बाग लागायची. बाग म्हणजे सरकारी भिंतीला लागून असलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी, पण आईने तिच्यात काय काय लावलं होतं. मोरीचं पाणी जिथून बाहेर पडायचं तिथे अळू, त्याच्या पलीकडे हळद, गवती चहा, कोपऱ्यात कढीपत्ता. अळूची पानं एवढी मोठी व्हायची की लहानपणी मी ती डोक्यावर धरून फिरायचे. श्रावण लागला की कॉलनीतल्या मराठी बायका एकेक करून पिशवी घेऊन यायच्या, आणि वरच्या मजल्यावरच्या बिश्त आंटीसुद्धा. त्या कुमाऊंच्या. त्यांच्याकडेही अळूच्या पानांना पीठ लावून, गुंडाळी करून उकडतात आणि तळतात. त्याला त्या पत्यूड़ म्हणत. आमची अळूवडी चिंच-गुळाची, त्यांची नुसती तिखट. दोघी एकमेकींच्या ताटल्या परत करताना कधी रिकाम्या करत नसत, आणि दोघींना मनातून आपलीच बरी वाटायची.

बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. साताऱ्याहून दिल्लीला येऊन त्यांना वीस-बावीस वर्षं झाली होती, तरी त्यांचं हिंदी मराठीच्याच चालीवर चालायचं. घरात आम्ही तिघंच. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, विषय फिजिक्स, आणि मला वाटायचं की जगातल्या बऱ्याच गोष्टी मला आता कळायला लागल्या आहेत.

आईचं दुखणं हळूहळू आलं. आधी बोटांचे सांधे धरले, मग बारीक ताप, मग दोन्ही गालांवर लाल चट्टे. ते उन्हात गेलं की पेटल्यासारखे व्हायचे. बऱ्याच तपासण्या झाल्यावर मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी ल्युपस हे नाव सांगितलं. आपलंच शरीर आपल्यावर उठतं, असा तो आजार. गोळ्या दिल्या, पथ्यं दिली आणि शेवटी म्हणाल्या, "देखिए, धूप आपकी सबसे बड़ी दुश्मन है। दिन में बाहर मत निकलिए।" आईने मान हलवली. घरी आल्यावर बाबांनी मागच्या खोलीला जाड पडदे लावले आणि दाराला कडी घातली.

बागेला पाणी घालायचं काम माझ्यावर आणि बाबांवर आलं. आम्ही ते इमानाने केलं, पण बाग आम्हाला ओळखत नव्हती. आई पलंगावरून विचारायची, "हळदीची पानं खालून पिवळी पडतायत की टोकाला?" मी बाहेर जाऊन बघून यायचे आणि तरी मला नक्की सांगता यायचं नाही. मार्च सरता सरता ऊन कडक झालं. एक दिवस मी कॉलेजातून दुपारी लवकर आले, तर मागचं दार सताड उघडं. आई डोक्यावरून ओढणी गुंडाळून, बाबांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून अळूच्या वाफ्यात उकिडवी बसली होती. किती वेळ बसली होती कोण जाणे. मी हाक मारली तर म्हणाली, "झालंच. एवढी मुळं झाकते. उघडी पडली होती बघ." त्या संध्याकाळी तिला जो ताप चढला, तो उतरवायला इस्पितळात ठेवावं लागलं. तिचे मूत्रपिंडाचे रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाई बाबांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलल्या. बाबा परत आले ते बाकावर माझ्याशेजारी बसले आणि हातातली फाईल उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "मनू, तिला बाहेर जाता येत नाही, तर बाग आत आणू."

आई घरी यायच्या आत आम्ही अळूचे कंद, हळदीचे कोंब आणि कढीपत्त्याचं एक रोप कुंड्यांत लावून मागच्या खोलीत मांडलं. आईला बरं वाटलं, पण झाडांना नाही. पडद्याआडच्या त्या खोलीत अळूचे देठ लांबच लांब वाढले, पानं मात्र तळहाताएवढीच, फिकी, सगळी पडद्याच्या फटीकडे माना वळवून. आई म्हणाली, "हीसुद्धा माझ्यासारखीच झाली." तिच्या तोंडून असलं काही कधी ऐकलं नव्हतं, म्हणून ते मला फार लागलं.

एलईडीच्या उजेडात झाडं वाढवतात हे मी कुठेतरी वाचलं होतं. आज गुरुग्रामच्या माझ्या सोसायटीत कुणाला असा दिवा हवा असेल तर तो फोनवरून मागवतात आणि संध्याकाळी घरी येतो. तेव्हा तसं नव्हतं. मिळायचे ते परदेशी, आमच्या आवाक्याबाहेरचे. पण इंटरनेटवर असे दिवे घरी बनवणाऱ्या लोकांच्या गप्पांची पानंच्या पानं होती. मी आणि बाबा संध्याकाळी ती वाचत बसायचो. हे लोक आपापल्या टोमॅटोच्या झाडांबद्दल इतक्या जिव्हाळ्याने लिहीत की बाबांना कौतुक वाटे. एकदा एकाने फोटो टाकला होता, तो बाबांनी चष्मा सारखा करून बराच वेळ न्याहाळला. "ही टोमॅटोची पानं नाहीत," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात, "मनू, हे पान बंद कर. हा गांजा आहे. मी सरकारी नोकर आहे." पण त्या लोकांना दिव्यातलं कळत होतं, यात शंका नाही.

डॉक्टरीणबाईंना आम्ही आधी विचारलं. त्या म्हणाल्या, पांढऱ्या एलईडीत ते त्रास देणारे किरण जवळजवळ नसतात, हरकत नाही, फक्त अगदी त्याच्याखाली बसू नका. मग आम्ही पहिला दिवा केला. बोटभर रुंदीची एक पिवळी चकती असते, तिच्यातच सगळा उजेड. ती एवढी तापते की पाठीला काही लावलं नाही तर क्षणात जळून जाते. म्हणून जुन्या कॉम्प्युटरमधला अॅल्युमिनियमचा ठोकळा आणि त्याच्यावरचा छोटा पंखा तिच्या पाठीला लावला. दिव्याला वीज पुरवणारी जी पेटी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. तो आम्ही बाजारात जो समोर आला तो आणला. दिवा लागला तेव्हा खोलीत दुपार झाली. आईने डोळ्यांवर हात धरला आणि हसली. बाबांनी लगेच वरच्या बिश्त आंटींना बोलावून दाखवलं.

आठवड्याभरात अळूने माना सरळ केल्या. पंखा दिवसभर घुं घुं करत असे. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडायचो, त्यामुळे तो आवाज आमच्या कानावर पडायचाच नाही.

मे महिन्यात एका दुपारी आंधी आली. दिल्लीची आंधी ज्याने पाहिली नाही त्याला सांगणं कठीण. आकाश मातकट होतं, खिडक्या बंद असल्या तरी दाताखाली कचकच लागते. वीज गेली, आंधी ओसरल्यावर परत आली. मी स्वयंपाकघरात ओट्यावरची धूळ पुसत होते. मला जळका वास आला आणि त्याच वेळी आईचा ओरडण्याचा आवाज. धावत गेले तर आई पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती, उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून. धुळीने भरलेला पंखा फिरत नव्हता, पिवळी चकती काळी पडली होती. वास आला म्हणून आई दिवा काढायला उठली आणि तिने त्या अॅल्युमिनियमला हात लावला. ड्रायव्हर असा होता की त्याच्यातून मेनची वीज थेट दिव्याच्या अंगापर्यंत येत होती, आणि आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये अर्थिंगचा पत्ता नव्हता. नशीब की तिचा हात सुटला.

संध्याकाळी बाबांनी तो दिवा काढला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. एरवी ते चिडले की फार बोलायचे, त्या दिवशी एकच वाक्य बोलले. "झाडांपायी माणूस जायचं नाही या घरात."

जेवायला बसलो. मुगाची खिचडी होती, आईला चावायला सोपी म्हणून. अचानक आई म्हणाली, "त्याला पंखाच नको होता."

बाबांनी वर पाहिलं.

"दिवसभर कानात घुं घुं. बंद पडला तेव्हा मला आधी बरंच वाटलं."

"मग सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"तुम्ही दोघं एवढ्या हौसेने केलंत. आणि मला काय, दिवसभर पडूनच तर असते, म्हटलं आवाज तर आवाज." तिने घास गिळला. "पण आता परत करताय तर बिनपंख्याचा करा."

"परत कोण करतंय?" बाबा म्हणाले.

"अहो, कूलरची जाळी दर आठवड्याला धुवावी लागते, तरी चिखल निघतो. त्या एवढ्याशा पंख्याचं काय होणार होतं? पातळ बुडाच्या पातेल्यात खीर लागते, म्हणून सारखं ढवळत बसावं लागतं. जाड बुडाचं घ्यावं की. ढवळायची गरजच नाही." मग ती माझ्याकडे वळली. "असं जाड काही मिळतं का गं?"

गेल्या कित्येक महिन्यांत आईने कशाबद्दल असं हट्टाने मत दिलं नव्हतं. भाजी कुठली करायची विचारलं तरी "काहीही कर" म्हणायची. बाबांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ते नाही म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "विजेचं काय? तो झटका?"

"ते तुम्ही बघा," आई म्हणाली. "तुम्ही दोघं शिकलेली आहात."

जाड बुडाचं मिळालं करोल बागेत. तिथे गाड्यांचे सुटे भाग आणि सजावटीचं सामान विकणाऱ्या दुकानांची एक अख्खी गल्ली आहे. गाडीत मोठ्याने गाणी लावणाऱ्यांसाठी जो अॅम्प्लिफायर बसवतात, त्याचं अंग म्हणजे अॅल्युमिनियमचा वीतभर रुंद, हातभर लांब ठोकळा, वरून कंगव्याच्या दातांसारख्या पट्ट्या. त्या पट्ट्यांमधून हवा आपोआप वर जाते आणि उष्णता घेऊन जाते. पंखा लागत नाही. एका दुकानाच्या मागे असे जळके अॅम्प्लिफायर रचून ठेवले होते. बाबांनी त्यातला सगळ्यात जड उचलला.

दुकानदार म्हणाला, "साहब, ये जला हुआ है। बजेगा नहीं।"

"बजाना नहीं है," बाबा गंभीरपणे म्हणाले. "इसको ऊपर टांगना है। मिसेस के कमरे में।"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो पुढे काही विचारायच्या भानगडीत पडला नाही.

ड्रायव्हर निवडणं त्याहून अवघड गेलं. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटमध्ये आम्ही एकेका दुकानातून फिरलो. सगळ्या पेट्या दिसायला सारख्या. मला एवढं कळलं होतं की एलईडीला मोजून वीज द्यावी लागते. नाहीतर तो तापला की जास्त ओढतो, जास्त ओढली की अजून तापतो, आणि जळेपर्यंत थांबत नाही. म्हणून ठरल्यापेक्षा जास्त करंट जाऊच देणार नाही असा ड्रायव्हर हवा होता. दुसरं, उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत व्होल्टेज इतकं उतरायचं की ट्यूबलाइट फडफडायची आणि पहाटे एकदम चढायचं, ते सगळं सोसणारा हवा. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, भिंतीतली वीज आणि दिव्यातली वीज यांचा आत एकमेकींशी थेट संबंध नको. मी हे तिसरं एका दुकानदाराला माझ्या तोडक्यामोडक्या भाषेत विचारलं, तर तो हसून म्हणाला, "बेटा, इंजीनियरिंग कर रही हो? सब चलता है, ले जाओ।"

"इसकी माँ को करंट लगा था," बाबा म्हणाले.

त्याचं हसू गेलं. समोरच्या पेट्या त्याने बाजूला सारल्या आणि काउंटरखाली वाकून एक वेगळी काढली. धातूची, सगळीकडून बंद, वजनदार, बाजूला करंट कमी-जास्त करायचं छोटं बटण. "तो फिर ये लीजिए, अंकलजी। इसमें ट्रांसफॉर्मर बीच में है, लाइन इधर की इधर। और घर में अर्थिंग करवाइए पहले। दिया बाद में जलाना।"

बाबांनी तसंच केलं. इलेक्ट्रिशियन बोलावून मागच्या खोलीत अर्थिंग घेतलं, मग दिव्याला हात लावला. ह्या वेळी एका मोठ्या चकतीऐवजी आम्ही तीन लहान चकत्या दूर दूर बसवल्या, म्हणजे उष्णता एका जागी साचणार नाही. मधे पांढरी पेस्ट लावायची असते, चकती आणि ठोकळा यांच्यात हवा राहू नये म्हणून. ती आईने लावली. तिची बोटं सुजलेली होती, स्क्रू तिला धरता येत नव्हता, पण बोटाच्या पेराने तिने ती पेस्ट इतकी पातळ आणि सारखी पसरली, जशी ती अळूच्या पानावर पीठ पसरायची.

दिवा लावल्यावर मी बटण पूर्ण फिरवलं. मला भरपूर उजेड हवा होता. बाबा म्हणाले, निम्मंच ठेव. आमचा वाद झाला. मी सांगत होते की चकती एवढं सोसते, तसं तिच्यावर लिहिलंच आहे. बाबा म्हणत होते, "लिहिणारा दिल्लीच्या जूनमध्ये राहत नाही." शेवटी आई म्हणाली, "मी सांगते." तिने खुर्ची ओढून घेतली आणि बसली. दिवा बंद करून मधूनमधून ती ठोकळ्यावर तळवा ठेवी. पूर्ण बटणावर तिला हात लगेच काढून घ्यावा लागला. निम्म्यावर ती गरम चहाचा पेला धरावा तसा हात ठेवून बसली आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान आलं. "एवढाच," ती म्हणाली. बाबांनी शाईच्या पेनने बटणाशी खूण केली आणि दिवा साखळीने कुंड्यांवर टांगला.

आता मी शिकवते तेव्हा हेच गणिताने सांगते. निम्म्या करंटवर एलईडी निम्म्याहून जास्त उजेड देतो, कमी तापतो आणि कितीतरी जास्त वर्षं टिकतो. हे मला तेव्हाही पुस्तकातून माहीत होतं. पण कुठल्याही गोष्टीला तिच्या ताकदीच्या टोकाला न चालवणं म्हणजे कंजुषी नव्हे, हे मला आईला रोज पाहत कळलं. ती गोळ्या घेई, सकाळी थोडं काम करी, मग पडे, मग परत थोडं उठे. आधी तिला त्याची लाज वाटायची. त्या उन्हाळ्यानंतर वाटेनाशी झाली. "मी पण निम्म्यावर चालते," असं ती बिश्त आंटींना सांगायची, आणि तिच्या हिंदीत ते असं काही ऐकू यायचं की आंटी हसून हसून पलंगावर बसायच्या.

गणपतीला त्या खोलीतल्या अळूने पानं दिली. बागेतल्यासारखी मोठी नाहीत, पण गर्द हिरवी, ताठ. एकच उंडा झाला. आईने तो स्वतः बांधला, मी तळला. बाबांनी पहिली वडी तोंडात टाकली आणि लगेच दुसरीला हात घातला. अर्धी ताटली वर गेली.

परवा फोनवर मी आईला हे सगळं लिहिते आहे असं सांगितलं. ते दोघं आता साताऱ्याला असतात, ती क्वार्टर्स तर पाडूनही टाकली. आई म्हणाली, "बिश्त आंटींनी त्या दिवशी आपली वडी चांगली म्हटलं होतं, ते लिही." मला असं काही आठवत नाही. पण लिहिते.

त्या वर्षी हिवाळा कडक पडला. डिसेंबरात धुकं आठ-आठ दिवस हटत नव्हतं. तेव्हा आईच्या दुखण्याने नवीनच तऱ्हा काढली. थंडी लागली की तिच्या हाताची बोटं आधी मेणासारखी पांढरी व्हायची, मग निळी. रक्त तिथवर पोचायचंच नाही. मोजे, गरम पाण्याची पिशवी, सगळं केलं. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर बाबा ऑफिसच्या कपड्यांत दारातच उभे होते, आत न जाता. आईने दिव्याची साखळी सैल करून तो जरा खाली घेतला होता आणि डोळे मिटून दोन्ही हात त्या पट्ट्यांवर ठेवले होते. बोटांच्या टोकांना हळूहळू गुलाबी रंग येत होता.

तिला आमची चाहूल लागली. डोळे उघडून ती बाबांना म्हणाली, "अहो, ह्याला जरा वाढवता का? एवढ्याने पुरत नाही आज."

"झाडांना सोसणार नाही," मी म्हटलं. दिवा खाली आल्यामुळे पानं आधीच त्याच्या जवळ होती.

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "आज मला हवंय."

चैत्राच्या उन्हात अळूची उघडी मुळं झाकायला बाहेर जाऊन बसलेली हीच आई. बाबा आत गेले, बूट न काढता, आणि त्यांनी बटण खुणेच्या पुढे सरकवलं. त्या महिन्यात ते रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ते सरकवत आणि आई हात शेकून झाले की परत मागे घ्यायची. कधी विसरायची, कधी मुद्दामच घेत नसे.

फेब्रुवारीत ऊन परत पडद्याच्या कडांपर्यंत आलं. तोवर अळूच्या वरच्या पानांच्या कडा करपल्या होत्या, दोन पानं तर पार गळून पडली. मी कुंडीपाशी उभी राहून ती मोजत होते. आई पलंगावर लसूण सोलत बसली होती, स्वतःच्या बोटांनी.

"असू दे," ती म्हणाली. "कंद शाबूत आहे. येतील नवी."